विद्यापीठाचं वायफाय, बारा पानी नियमावली आणि खिडकी नंबर तीनचे काका : चार वर्षांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, विद्यापीठाचं नाव लिहिणार नाहीये. थिसिस अजून जमा व्हायचाय, व्हायवा व्हायचाय, आणि नो ड्यूजच्या कागदावर कॉम्प्युटर सेंटरचाही एक शिक्का लागतो हे मला माहितीये. एवढं सांगते की महाराष्ट्रातलंच सरकारी विद्यापीठ आहे, मुंबई-पुण्यातलं नाही, कॅम्पस मोठा, मोर भरपूर, आणि मी तिथे केमिस्ट्रीत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, लेडीज हॉस्टेलला राहते. लोक मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचे लिहितात, पीजीवाल्या काकूंचे पण लिहितात, पण ज्याच्याशिवाय आमचा अर्धा दिवससुद्धा जात नाही त्या कॅम्पस नेटबद्दल कोणी धड लिहीत नाही, फक्त 'नेट चालतंय का गं' एवढंच विंगमध्ये ओरडतात. म्हणून म्हटलं आपण लिहू. नेट, कॉम्प्युटर सेंटर आणि त्यांची ती नियमावली, तिन्हींचा एकत्रच रिव्ह्यू आहे, कारण ते तीन वेगळे करताच येत नाहीत.

सुरुवात कनेक्शन मिळण्यापासून. ॲडमिशनच्या दिवशी तुम्ही रांगेत असता, हातात झेरॉक्सचा गठ्ठा, बाबा बाहेर झाडाखाली बॅगा सांभाळत बसलेले, आणि एका मागोमाग एक कागद सही करायला समोर येतात. रॅगिंग करणार नाही याचं हमीपत्र, खोलीत हीटर-इंडक्शन वापरणार नाही याचं हमीपत्र, गॅप सर्टिफिकेट, आणि त्यातच मध्ये कुठेतरी 'संगणक व नेटवर्क वापराबाबतचे हमीपत्र'. त्यावर एकच ओळ असते की मी नियमावली वाचली आहे व ती मला मान्य आहे. नियमावली काही समोर नसते. मागितली तर खिडकीतला माणूस तुमच्याकडे असं बघतो जसं तुम्ही मेसवाल्याला डाळीची रेसिपी मागितलीये. मी सही केली. सगळेच करतात. माझ्या ओळखीत ती सही करायच्या आधी नियमावली वाचलेला एकही माणूस नाही आणि त्यात दोन असिस्टंट प्रोफेसर पण धरलेत.

मग डिव्हाइस रजिस्ट्रेशन. एका विद्यार्थ्याला दोन डिव्हाइस, एक फोन एक लॅपटॉप, रिसर्च स्कॉलरला तीन. फॉर्मवर मॅक ॲड्रेस लिहून द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या यंत्राचा तो बारा अक्षरी नंबर. मी फोनच्या सेटिंगमधून बघून नीट लिहून दिला, दोन दिवसांनी ॲक्टिव्ह झालं म्हणून एसएमएस आला, आणि फोन काही केल्या जोडला जाईना, 'डिव्हाइस नॉट रजिस्टर्ड'. तीन चकरा मारल्या. पहिल्या खिडकीवर सांगितलं दोन नंबरला जा, दोन नंबरवाले जेवायला गेलेले, आणि तिसऱ्या दिवशी खिडकी नंबर तीनवर हे काका भेटले. पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात आयकार्ड, टेबलावर स्टीलचा डबा, शेजारी क्रिंपिंग टूल. फोन हातात घेतला आणि म्हणाले, "अगं बाळा, तुझा फोन खोटं नाव सांगतोय." झालं असं होतं की अँड्रॉइड दहापासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस चौदापासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस न सांगता एक बनावट तयार करून सांगतो, मॉल-स्टेशनवर कोणी तुमचा माग काढू नये म्हणून. घराबाहेर ही सोय एकदम चांगली, पण इथे रजिस्टरमध्ये खरं नाव लिहिलंय आणि दारावर फोन दुसरंच नाव सांगतोय, तर वॉचमन आत कसा सोडेल. वायफायच्या नावावर जायचं, प्रायव्हसी उघडायची, रँडमाइज्ड मॅकच्या ऐवजी डिव्हाइस मॅक निवडायचं, आयफोन असेल तर प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस बंद करायचं. वीस सेकंदांचं काम. हे फॉर्मच्या मागे छापायला काय जातं? दरवर्षी शेकड्याने पोरं याच एका गोष्टीसाठी रांगेत उभी राहतात, मी स्वतः बघितलंय.

स्पीडबद्दल फार लिहीत नाही. डिपार्टमेंटमध्ये आणि लायब्ररीत खरंच भारी आहे, त्याचं कारण आमचं विद्यापीठ नॅशनल नॉलेज नेटवर्कवर आहे. केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये मंजूर केलेलं, सरकारच्याच एनआयसी या संगणक संस्थेने उभं केलेलं देशभरातल्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना जोडणारं जाडजूड फायबरचं जाळं. त्यामुळे दुपारी चार वाजता लायब्ररीत दोन जीबीचा डेटासेट चहा येईपर्यंत उतरतो. आणि रात्री दहा वाजता हॉस्टेलमध्ये आईला व्हिडिओ कॉल लावला तर आई चौकोन-चौकोन दिसते. पाईप जाड आहे पण शेवटचा नळ बारीक, वीस खोल्यांमागे कॉरिडॉरमध्ये एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, आमची खोली टोकाची, त्यामुळे मी चार वर्षं दाराला खुर्ची लावून दारातच बसते. आयपीएलच्या दिवसांत तर विचारूच नका. आणि पोर्टल दर काही तासांनी लॉगआउट करतं, नेमकं सेट-नेटचा फॉर्म भरताना पेमेंटच्या पानावर. दोन्हीकडचं मिळून तीन स्टार. पुढे जाऊ.

आता मुख्य विषय, नियमावली. ती मी पहिल्यांदा वाचली ती दुसऱ्या वर्षी, आणि वाचायची वेळ का आली ते सांगते.

आमच्याच तालुक्यातला एक ज्युनिअर एमएस्सीला आला. ताई ताई करत मागे. स्कॉलरशिप अडकलेली, फी भरली नव्हती म्हणून त्याचा आयडी तयार झाला नव्हता आणि परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. मी म्हटलं घे माझा लॉगिन, फॉर्म भर आणि लॉगआउट कर. त्याने फॉर्म भरला. लॉगआउट नाही केलं. माझा तिसऱ्या डिव्हाइसचा स्लॉट रिकामा होता, त्यात स्वतःचा लॅपटॉप ऑनलाइन जोडून टाकला, मग रूम पार्टनरला पासवर्ड दिला, पार्टनरने अजून कोणाला. दोन-तीन दिवसांत माझ्या नावावर सत्तर जीबी टॉरंट. शुक्रवारी संध्याकाळी सहाला माझ्या स्क्रीनवर 'अकाउंट सस्पेंडेड, काँटॅक्ट ॲडमिनिस्ट्रेटर' आणि ॲडमिनिस्ट्रेटर सोमवारी साडेदहाला येणार. मंगळवारी माझं प्रोग्रेस सेमिनार होतं. शनिवार-रविवार मी फोनचा हॉटस्पॉट लावून पीपीटी केली आणि त्या पोराला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

सोमवारी कॉम्प्युटर सेंटरच्या सरांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हटलं सर मी काही डाउनलोड केलेलं नाही. सरांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तारीख, वेळ, किती डेटा, कुठलं डिव्हाइस, सगळं ओळीने. आणि एकदम शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा आयडी रात्री दोन वाजता बॉइज हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर होता." मागे उभा असलेला टेक्निशियन खोकला. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, मी ते सगळं विंगमध्ये येऊन रंगवून सांगितलं, पोरी लोळून हसल्या. रात्री दारातल्या खुर्चीवर बसले तेव्हा मात्र दुसराच विचार डोक्यात आला. म्हणजे मी कुठल्या बिल्डिंगमध्ये कुठल्या मजल्यावर किती वाजता होते हे यांना कळतं. रोज. सगळ्यांचं. ॲक्सेस पॉइंट कुठला आहे त्यावरून समजतंच ते, त्यात काही जादू नाही, पण आपण याचा कधी विचारच केलेला नसतो. त्याच रात्री वेबसाइटवर शोधून ती बारा पानी पीडीएफ काढली, स्कॅन केलेली, तिरकी, शोध पण करता येत नाही अशी, आणि पूर्ण वाचली.

खरं सांगायचं तर नियम वाईट नाहीत. मी चिडून वाचायला बसले होते आणि प्रत्येक नियमापाशी 'हं, बरोबर आहे' म्हणत गेले. पासवर्ड कोणाला देऊ नका, आयडीवरून जे होईल त्याला आयडीचा मालक जबाबदार. कडक वाटतं, पण काकांनी नंतर ते जसं समजावलं ते मला पटलं. जुन्या वाड्यात वीस बिऱ्हाडं असायची आणि बाहेर घर नंबर एकच. बाहेरच्या जगाला आमचं अख्खं विद्यापीठ असंच मोजक्या दोन-चार पत्त्यांवर दिसतं, हजारो फोन आणि लॅपटॉप त्याच एका दरवाज्यातून बाहेर जातात. उद्या त्या पत्त्यावरून कोणी बँकेची फसवणूक केली, कोणाला धमकी दिली, तर पोलीस वाड्याच्या दारात येणार आणि विचारणार की आत कोण होतं, तेव्हा सेंटरकडे एवढीच वही असते, कुठल्या वेळेला कुठला आयडी. ती वही ठेवणं ही पण यांची मर्जी नाही, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांमध्ये लॉग १८० दिवस सांभाळून ठेवायला सांगितलंय. आणि माझ्या बाबतीत पासवर्ड मीच दिला होता, तो भाग वेगळा, पण दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्युनिअरला हे वाचून दाखवलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. (त्याने नंतर चितळेंची बाकरवडी आणून दिली. माफ केलं.)

माझी शिक्षा म्हणजे माफीनामा, त्यावर गाईडची सही, आणि आठवडाभर आयडी बंद. गाईडसमोर तो कागद ठेवताना जे वाटलं तीच खरी शिक्षा होती.

दुसरा नियम, खोलीत स्वतःचा राउटर लावायचा नाही. हा नियम मला निव्वळ जाच वाटायचा. भिंतीत लॅनचा पॉइंट आहे, वायफाय पोचत नाही, हजार रुपयांचा राउटर लावला तर कोणाचं काय जातं? मग एका रात्री, एमएस्सीच्या सेमिस्टरच्या आदल्या दिवशीच, आमच्या अख्ख्या मजल्याचं नेट गेलं. वायफाय दाखवतंय फुल्ल, पण एकही पान उघडत नाही. सकाळी काका शिडी घेऊन आले, लॅपटॉप लावला, म्हणाले सगळ्यांना १९२.१६८ वाला पत्ता कसा काय मिळतोय, आपल्याकडे हा वापरतच नाहीत. एकेक केबल काढत काढत एका खोलीपाशी पोचले. तिथे एकीने राउटर आणलेला आणि भिंतीतली केबल राउटरच्या वॅनच्या (बाहेरून नेट आत घ्यायच्या) भोकाऐवजी लॅनच्या (आतल्या यंत्रांना नेट द्यायच्या) भोकात घातलेली. होतं असं की नेटवर्कवर आलेलं कुठलंही यंत्र आधी ओरडून विचारतं की मला पत्ता कोण देतंय, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतं. सेंटरचा सर्व्हर लांब, हिचा राउटर शेजारच्या खोलीत, त्यामुळे तो पटकन सगळ्यांना स्वतःचेच पत्ते वाटत सुटला आणि ते पत्ते कुठेच जात नव्हते. काका म्हणाले, "वाड्यात दोन पोस्टमन झाले, आणि नवा जो आलाय त्याला गाव माहीत नाही." त्या एका वाक्याने मला जे कळलं ते नियमावलीच्या कलम ७(ड) ने कळलं नव्हतं. तिथे फक्त लिहिलंय 'अनधिकृत नेटवर्क उपकरणे जोडण्यास सक्त मनाई आहे, उल्लंघन केल्यास उपकरण जप्त करण्यात येईल'. का मनाई आहे ते एका ओळीत लिहा ना. बाय द वे, असं होऊ नये म्हणून स्विचमध्येच एक सेटिंग करता येतं, म्हणजे अनोळखी उपकरणाने पत्ते वाटायला सुरुवात केली की स्विच ते अडवतो. काकांना विचारलं तर म्हणाले जुने स्विच आहेत, टेंडर निघालंय. निघालेलंच आहे अजून.

तिसरा नियम पेपर डाउनलोडचा, आणि हा पीएचडीवाल्यांनी नीट वाचा. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सगळ्यांसाठी जर्नल्सची एकच सरकारी वर्गणी, सुरू झालं. तीस प्रकाशक, साधारण तेरा हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, आणि सरकारी विद्यापीठं-कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना फुकट. जी जर्नल्स आमच्यासारख्या विद्यापीठाने आयुष्यात घेतली नसती ती एका रात्रीत उघडली. पहिल्या आठवड्यात मी वेड्यासारखे पेपर वाचले, आधी प्रत्येक पेपरसाठी बंगलोरच्या मैत्रिणीला मेसेज करावा लागायचा, 'अगं हा काढून दे ना' म्हणून, ती पण वैतागली होती. तर एवढी चांगली सोय आली आणि काही महिन्यांत दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एका बहाद्दराने पायथनची स्क्रिप्ट लिहून एका जर्नलचे सगळे जुने अंक रात्रभर उतरवायला लावले. त्याचं म्हणणं, टेक्स्ट मायनिंग करायचंय, म्हणजे हजारो पेपर कॉम्प्युटरकडून वाचून घेऊन त्यातून माहिती काढायचीये. प्रकाशकाच्या यंत्रणेला दिसलं की एकाच पत्त्यावरून मिनिटाला कितीतरी पीडीएफ जातायत, त्यांनी तो पत्ताच बंद केला. आणि आपला पत्ता म्हणजे काय, वाडा. सगळ्या विद्यापीठाला तीन दिवस त्या प्रकाशकाचं एकही जर्नल उघडेना. माझं रिव्हिजन सबमिट करायचं होतं, रेफरन्स बघायचे होते. परत बंगलोरला मेसेज.

त्या मुलाला आठ दिवस आयडी बंद आणि लेखी समज मिळाली, आणि मला वाटतं ते पुरेसं होतं. कारण याच गोष्टीची दुसरी बाजू फार भयानक आहे. ॲरन स्वार्ट्झ नावाचा अमेरिकन मुलगा, २०१० च्या शेवटी त्याने एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहातले लाखो लेख उतरवले, वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप लपवून ठेवला होता. जानेवारी २०११ मध्ये अटक झाली. जेस्टोरने त्याच्याशी समझोता करून विषय संपवला होता, पण सरकारी वकिलांनी सोडलं नाही, कित्येक वर्षांची कैद होऊ शकेल अशी कलमं लावली, आणि खटला उभा राहायच्या आधी जानेवारी २०१३ मध्ये त्याने जीव दिला. सव्वीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा लहान. नेटवर्कचा नियम मोडला हे खरंच, पण म्हणून एवढं? त्यामुळे आमच्या सेंटरने ते प्रकरण विद्यापीठातल्या विद्यापीठात मिटवलं याबद्दल त्यांना मनापासून एक स्टार जास्त. फक्त एवढंच की स्क्रिप्ट लावायच्या आधी त्या मुलाला कोणी सांगितलं असतं की टेक्स्ट मायनिंगसाठी आधी लायब्ररीला विचार, काही प्रकाशकांची त्यासाठी वेगळी सोय असते, तर? नियमावलीत तो शब्दच नाही. नियमावलीत 'अतिरिक्त डाउनलोड' आहे, आणि अतिरिक्त म्हणजे किती ते नाही. वीस? दोनशे?

आता ज्या गोष्टींनी डोकं फिरतं त्या. पहिली म्हणजे फिल्टर. पोर्न, जुगार, टॉरंट बंद ठेवा, कोणाची तक्रार नाही. पण फिल्टरला अक्कल नसते, तो शब्द बघतो आणि कप्पे बघतो. मी केमिस्ट्रीची, नायट्रो कंपाउंडची सेफ्टी शीट उघडायला गेले तर 'वेपन्स'. औषधांच्या रेणूंवर काम करणाऱ्या माझ्या लॅबमेटचं एक चांगलं डेटाबेसचं पान 'ड्रग्ज' म्हणून बंद. हॉस्टेलच्या एका मुलीला गाठ लागली होती छातीत, घाबरली होती, रात्री वाचायला बसली तर स्तनाच्या कॅन्सरची माहिती देणारं पान 'ॲडल्ट' म्हणून बंद. हे मला जरा जास्तच लागलं. उघडून घ्यायचं असेल तर फॉर्म, एचओडीची सही, कारण लिहा. छातीत गाठ आहे म्हणून एचओडीची सही आणायची का तिने? तिने फोनच्या डेटावर बघितलं, ठीक आहे ती, साधी गाठ निघाली. माझ्या सेफ्टी शीटचा अर्ज नऊ दिवसांनी मंजूर झाला, तोपर्यंत रिॲक्शन करून झाली होती.

दुसरी, नियमावली जुनाट आहे. कलम ११ मध्ये चक्क लिहिलंय की आक्षेपार्ह मजकूर टाकल्यास आयटी कायद्याच्या ६६ए खाली कारवाई होईल. अहो ६६ए सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दबातल ठरवलंय! आणि त्या कलमाची आठवण निदान महाराष्ट्रात तरी असायला हवी ना, २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर फेसबुक पोस्ट टाकली म्हणून एका मुलीला आणि ती लाईक केली म्हणून दुसरीला अटक झाली होती ती आपल्या पालघरमध्येच, आणि त्यावरूनच ६६ए विरुद्धची याचिका उभी राहिली. मेलेल्या कलमाची भीती दाखवून आमच्याकडून सह्या घेतायत. मी हे सरांना मेल करून कळवलं, उत्तर आलं 'नोटेड'. पीडीएफ अजून तीच आहे, मागच्या आठवड्यात बघितली.

तिसरी म्हणजे ते वहीचं. वही ठेवा, मान्य, १८० दिवस ठेवा. पण वही कोण उघडू शकतं? सर? टेक्निशियन? रेक्टर मॅडमनी फोन करून विचारलं की अमकी मुलगी काल रात्री कुठे होती तर सांगणार का? एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी कुलूपबंद बोलणं, असल्यामुळे आपण साइटवर काय लिहिलं ते सेंटरच्या फायरवॉलला (नेटच्या दारावरच्या राखणदाराला) वाचता येत नाही हे मला कळतं, पण कुठल्या साइटवर गेलो आणि किती वेळ ते साधारण दिसतं, आणि लॅबच्या पीसींवर तर सेंटरने स्वतःचं सर्टिफिकेट टाकलंय, म्हणजे त्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे, तिथे मधल्यामध्ये उघडून बघता पण येतं. तिथे बँकेचं लॉगिन करू नका हो कोणी. बारा पानांत विद्यार्थ्याने काय करू नये याची अडतीस कलमं मी मोजली. विद्यापीठ आमच्या माहितीचं काय करणार नाही, याची किती? शून्य. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा पण आला, आणि आमच्या पीडीएफमध्ये 'गोपनीयता' हा शब्द एकदाच येतो, तो पण 'विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या माहितीची गोपनीयता राखावी' असा. काकांना विचारलं होतं मी सरळ. ते म्हणाले, "मी नाही सांगत कोणाला. लेखी आदेश आणा म्हणतो." काकांवर माझा विश्वास आहे, पण काका दोन वर्षांत रिटायर होतायत.

चौथी गोष्ट नेटवर्कची नाही म्हणाल तर नाही. कॉम्प्युटर सेंटरची लॅब रात्री बारापर्यंत उघडी, एसी, चांगले पीसी, फायबर थेट. नियम सगळ्यांना सारखा. आणि आमच्या हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद. पोरं रात्री बारापर्यंत तिथे थंडगार बसून सिम्युलेशन लावतात आणि आम्ही कॉरिडॉरच्या टोकाला दारात खुर्ची टाकून. दोन वेळा निवेदन दिलं, एकदा उत्तर आलं की मुलींसाठी सकाळी सातला लॅब उघडू. उघडली नाही. पूर्वी, म्हणजे २००७ च्या सुमाराला, आयआयटी मुंबईने हॉस्टेलचं नेट रात्री बंद ठेवायला सुरुवात केली होती, पोरं रात्रभर जागतात, सकाळच्या लेक्चरला येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून, तेव्हा केवढी चर्चा झाली होती पेपरात. आमचं कोणी बंद करत नाही, नुसतं दार बंद असतं, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

लॅबच्या पीसींबद्दल थोडक्यात: पेन ड्राइव्ह घालाल तर फोल्डरचे शॉर्टकट होऊन परत येतील, घरी जाऊन रडाल. क्रॅक सॉफ्टवेअरला नियमावलीत बंदी आहे आणि अर्ध्या डिपार्टमेंटच्या लॅपटॉपवर तेच आहे, गाईड मंडळींसकट, त्यावर कोणी बोलत नाही, मीही इथे थांबते. लिबरऑफिस, आर आणि अवोगाड्रो फुकट आहेत एवढंच सांगते. आणि लॉगआउट करा रे बाबांनो, एकदा एकाचं व्हॉट्सॲप वेब उघडं सापडलं होतं, त्याच्या आईचा मेसेज होता, 'जेवलास का'. मी बंद केलं आणि आले.

अजून एक, आमच्याकडे एज्युरोम नाही, म्हणजे विद्यापीठांचं सामायिक वायफाय. माझी एमएस्सीची मैत्रीण जर्मनीत पोस्टडॉक करते, ती सांगते की स्वतःच्या विद्यापीठाचा एकच लॉगिन, आणि कुठल्याही शहरात दुसऱ्या विद्यापीठात गेली की फोन आपोआप जोडला जातो, शंभरहून जास्त देशांत चालतं ते. भारतात पण अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या सरकारी नेटवर्कमार्फत मिळतं. इथे बाहेरून कोणी पाहुणे सर लेक्चरला आले की त्यांना गेस्ट पासवर्ड मिळवून द्यायला एक स्कॉलर सकाळपासून पळत असतो, आणि नाही मिळाला तर काय करतो? स्वतःचा देतो. म्हणजे परत नियम क्रमांक एक मोडला, तोही एचओडींच्या सांगण्यावरून.

तर माझे स्टार. नेट, डिपार्टमेंटमध्ये साडेचार, हॉस्टेलमध्ये दोन. नियमावलीला दोन, त्यातला एक स्टार नियम मुळात शहाणे आहेत म्हणून आणि दुसरा वर सांगितलेल्या त्या मुलाला सांभाळून घेतलं म्हणून. फिल्टरला शून्य. खिडकी नंबर तीनला पाच, आणि सहा देता येत असते तर सहा.

जूनमध्ये नवीन ॲडमिशनला येणाऱ्यांनो, फॉर्म भरायच्या आधी फोनचा मॅक डिव्हाइसवर करून ठेवा, आयकार्डच्या दोन झेरॉक्स लागतात, एक नाही, आणि खिडकी दीड ते अडीच बंद असते, पण काका पावणेदोनला डबा खाऊन परत येतात आणि मागच्या दाराने हाक मारली की बघतात. रांगेत सिनियर कोणी तुमचा लॉगिन मागितला तर सांगा की माझा अजून झालेला नाही.